तळघरातला प्लग पॉइंट

१६ डिसेंबर २०२३. शनिवारची संध्याकाळ. आम्ही एसलिंगनच्या ख्रिसमस बाजारात होतो. एसलिंगन म्हणजे श्टुटगार्टला लागून असलेलं, नेकार नदीकाठचं जुनं गाव. इथल्या बाजारात जुन्या काळाचे कपडे घातलेले लोहार भाते फुंकत असतात, मशाली पेटलेल्या असतात, हाताने फिरवायचा लाकडी पाळणा असतो. मुलगी पाळण्यात बसली होती. मी खाली उभी राहून तिच्याकडे बघत होते, तेवढ्यात आमच्या मराठी कुटुंबांच्या ग्रुपवर मेसेज आला : "इलेक्ट्रिक गाडीचं अनुदान उद्या रात्री बंद. ज्यांची गाडी रजिस्टर झालीय त्यांनी आत्ताच्या आत्ता अर्ज भरा."

आमची गाडी रजिस्टर झालेली नव्हती. मे महिन्यात बुकिंग केलं होतं, नोव्हेंबरात देतो म्हणाले होते. नोव्हेंबर गेला, डिसेंबर अर्धा संपला, आणि शोरूमकडून "जानेवारीत नक्की" एवढंच उत्तर येत होतं. अनुदानाचा नियम असा की गाडी तुमच्या नावावर नोंदवली गेल्यावरच अर्ज भरता येतो. बुकिंगची पावती, भरलेला ॲडव्हान्स, कशालाच किंमत नाही. २०२३ मध्ये चाळीस हजार युरोंच्या आतल्या मूळ किमतीच्या गाडीला सरकारकडून ४,५०० युरो मिळत होते. त्या हिशोबावरच आम्ही कर्जाचा हप्ता बसवला होता. पाळण्यातून उतरलेली मुलगी विचारत होती, आई, आता काय खायचं? मला तिला उत्तर देता येईना.

हे सगळं कसं घडलं, त्याला मागचा इतिहास आहे, आणि तो माझ्याच आयुष्यातून गेलेला आहे, म्हणून सांगते.

आम्ही २०१३ मध्ये इथे आलो तेव्हा पहिली गाडी घेतली ती जुनी डिझेल. सगळ्यांनी तोच सल्ला दिला. जर्मनीत डिझेलवरचा कर लिटरमागे ४७ सेंट, पेट्रोलवरचा ६५. म्हणजे सरकारच सांगत होतं की डिझेल घ्या. श्टुटगार्ट शहर भांड्याच्या तळाशी असल्यासारखं आहे, चारी बाजूंनी द्राक्षमळ्यांच्या टेकड्या. वारा फिरत नाही, धूर खाली साचतो. तिथल्या नेकारटोअर चौकातलं हवा मोजायचं यंत्र साऱ्या देशाला ठाऊक आहे. नायट्रोजन डायऑक्साइडची वर्षाची मर्यादा घनमीटरमागे ४० मायक्रोग्रॅम, आणि २०१७ मध्ये त्या चौकाची सरासरी होती ७३. मग कोर्टकचेऱ्या झाल्या, आणि १ जानेवारी २०१९ पासून बाहेरगावच्या युरो-४, म्हणजे धुराच्या जुन्या मापदंडावर बनलेल्या, डिझेल गाड्यांना श्टुटगार्टमध्ये बंदी आली. आमची गाडी युरो-४. माझं ऑफिस श्टुटगार्टच्या पलीकडच्या टोकाला. गाडी मातीमोल भावाने विकली. काही वर्षं रेल्वे, बस आणि एका जुन्या पेट्रोल गाडीवर काढली. पुढची गाडी घेऊ तेव्हा धूर न सोडणारी घेऊ, हे तेव्हाच ठरलं. त्या चौकातून मी रोज जात होते, आणि मुलीला लहानपणी दम्याचा त्रास होता. या निर्णयात मला कधी दुसरा विचार करावा लागला नाही.

पण ठरवणं वेगळं आणि करणं वेगळं. आम्ही फ्लॅटमध्ये राहतो. चौदा फ्लॅटची इमारत, उतारावर बांधलेली, खाली तळघरात चौदा गाड्यांचं पार्किंग. फ्लॅट आमच्या मालकीचा, पार्किंगची जागाही. पण भिंत सगळ्यांची, छत सगळ्यांचं, वीज येते ती खोली सगळ्यांची. आपल्याकडच्या हौसिंग सोसायटीत जो प्रकार असतो तोच इथेही. फरक एवढाच की इथे कमिटीऐवजी पगारी व्यवस्थापन कंपनी असते आणि वर्षातून निदान एकदा मालकांची सभा होते.

इथे एक कायदा माझ्या मदतीला होता. १ डिसेंबर २०२० पासून जर्मनीत फ्लॅटमालकाला आपल्या पार्किंगमध्ये चार्जिंगची सोय मागण्याचा हक्क आहे. सभेला "कसं करायचं" हे ठरवता येतं, "करायचं की नाही" हे ठरवता येत नाही. खर्च मागणाऱ्याने करायचा. भाडेकरूंसाठीही तसाच हक्क त्याच वेळी आला; त्याबद्दल पुढे येईलच. हा कायदा मी छापून घेतला, त्यावर पेन्सिलने खुणा केल्या आणि नोव्हेंबर २०२२ च्या सभेत विषय ठेवला.

सभा एका खानावळीच्या मागच्या खोलीत होती. टेबलावर लोणी लावलेले ब्रेत्झेल आणि पाण्याच्या बाटल्या. छप्पर दुरुस्तीवर दीड तास गेला, जिन्यातल्या दिव्यांवर अर्धा तास. माझा विषय शेवटचा. व्यवस्थापन कंपनीच्या माणसाने एका वाक्यात संपवला : "या इमारतीच्या वीजजोडणीला हे झेपणार नाही." तळमजल्यावरच्या आजोबांनी पिशवीतून वर्तमानपत्राची कात्रणं काढली, जळालेल्या गाड्यांची. ते म्हणाले, "माझी झोपायची खोली बरोबर त्या पार्किंगच्या वर आहे." विषय पुढच्या सभेवर गेला.

त्या आजोबांचा मला राग आला नाही. त्यांची भीती खोटी नव्हती, माहिती अपुरी होती. कुल्मबाख नावाच्या गावात २०२० मध्ये एका सार्वजनिक तळघर पार्किंगमध्ये मोठी आग लागली. जळाली ती साधी पेट्रोल-डिझेलवाली गाडी होती. पण पार्किंग दुरुस्त होऊन २०२१ मध्ये पुन्हा उघडलं तेव्हा बंदी कोणावर? इलेक्ट्रिक आणि हायब्रिड गाड्यांवर. गाव एकदा घाबरलं की असं होतं. मी पुढच्या वेळी हे सगळं लिहून नेलं. पण त्याआधी "झेपणार नाही" या वाक्याचा निकाल लावायचा होता.

आमच्या गल्लीच्या कोपऱ्यावर एका वायरमनचं दुकान आहे. त्याच्याकडे गेले. तो म्हणाला, "झेपेल की नाही ते मोजल्याशिवाय कोण सांगणार?" मुख्य फ्यूजच्या पेटीपाशी त्याने मोजणीचं यंत्र लावलं आणि चार आठवडे तसंच ठेवलं. त्याचे पैसे मी दिले. निकाल आला तो कागद अजून माझ्याकडे आहे. इमारतीची जोडणी तिन्ही फेजवर शंभर-शंभर अँपिअरची, म्हणजे साधारण ६९ किलोवॅट. चार आठवड्यांत एकदाही भार २४ च्या वर गेला नव्हता, तोही रविवारी दुपारी, सगळ्या घरांत ओव्हन चालू असताना. रात्री अकरा ते सकाळी सहा भार सहा किलोवॅटच्या आत. सगळी घरं गॅसवर तापतात, त्यामुळे वीज रात्री जवळजवळ झोपलेलीच असते.

मग मी स्वयंपाकघरातल्या टेबलावर बसून पुढचा हिशोब केला. समजा उद्या चौदाच्या चौदा गाड्या इलेक्ट्रिक झाल्या. प्रत्येक गाडी दिवसाला चाळीस किलोमीटर चालते असं धरलं, तर एकूण ५६०. शंभर किलोमीटरला १७ युनिट लागतात असं धरलं तर झाले ९५ युनिट. आठ तासांत वाटून दिले की सरासरी बारा किलोवॅट. सहा आणि बारा अठरा. जोडणी ६९ ची. सगळ्या गाड्यांनी संध्याकाळी सहाला एकदम प्लग लावून पूर्ण जोराने वीज ओढली तरच घोटाळा. त्यावर उपाय आहे : भार वाटून देणारी यंत्रणा. मुख्य तारेवर मोजणी ठेवायची, आणि घरांना लागेल तेवढी वीज आधी, उरलेली गाड्यांना.

हा एक पानाचा हिशोब मी चौदाही घरांच्या टपालपेटीत टाकला. लोकांचं मन वळलं ते याने, असं मला अजूनही वाटतं. कायद्याचं कलम दाखवलं की माणूस खांदे आवळतो. आपल्याच इमारतीचा आकडा दाखवला की तो चष्मा लावून बघायला येतो. दुसऱ्या मजल्यावरच्या निवृत्त बाई, शाळेत गणित शिकवायच्या, जिन्यात थांबवून म्हणाल्या की तुमचा भागाकार बरोबर आहे, मी तपासला.

मे २०२३ च्या सभेत ठराव झाला. भार वाटणारी यंत्रणा आणि छताखालून जाणारी मुख्य केबल एकदाच बसवायची, ज्यांना आत्ता हवंय त्यांनी खर्च करायचा, आणि नंतर जे येतील त्यांनी आपला वाटा आधीच्यांना द्यायचा. आम्ही पाच घरं पुढे आलो. आजोबांनी विरोधात हात वर केला, आणि सभा संपल्यावर माझ्याकडे येऊन विचारलं की केबल भिंतीतून जिथे पार जाते ते भोक आगीपासून बंद करणार का? मी म्हटलं, करणार, ते अंदाजपत्रकात लिहिलं आहे. त्यांनी तो आकडा स्वतः वाचला. दुसऱ्या दिवशी आम्ही गाडी बुक केली.

आता डिसेंबरकडे परत येते. १५ नोव्हेंबर २०२३ ला कार्ल्सरूहेच्या घटना न्यायालयाने निकाल दिला की करोनाकाळासाठी मंजूर झालेले ६० अब्ज युरो हवामान निधीत वळवणं घटनेला धरून नाही. त्याच निधीतून गाड्यांचं अनुदान जात होतं. ते वर्षभराने संपणार हे तसंही जाहीर होतं, २०२४ मध्ये रक्कमही कमी होणार होती. पण शनिवारी सांगून रविवारी रात्री बंद, हे कोणाच्या ध्यानीमनी नव्हतं. २०१६ पासून या योजनेतून साधारण २१ लाख गाड्यांना दहा अब्ज युरो वाटले गेले होते. काही गाडीकंपन्यांनी त्या आठवड्यातच जाहीर केलं की सरकारचा वाटा आम्ही भरू. आमच्या शोरूमचं तीन ओळींचं पत्र आलं, दिलगिरीचं.

त्या रात्री नवरा आणि मी उशिरापर्यंत बसलो. बुकिंग रद्द करावं का? ॲडव्हान्स बुडाला असता, पण हप्ता हलका झाला असता. ग्रुपवरच्या दोन घरांनी रद्द केलं आणि पेट्रोल गाडी घेतली. त्यांना मी नावं ठेवत नाही. एकाच्या घरी दुसरं बाळ येणार होतं, त्याचा हिशोब आमच्यापेक्षा ताणलेला होता. आम्ही गाडी ठेवली. त्यामागचं खरं कारण खाली तळघरात होतं. तिथल्या छताखाली केबलचा मार्ग आखून झाला होता, पाच घरांचे पैसे भरले गेले होते.

गाडी जानेवारी २०२४ च्या दुसऱ्या आठवड्यात आली. नोंदणी कार्यालयात पाऊण तास लागला. बाजूच्या दुकानात नंबरप्लेट ठोकून मिळते, ती घेऊन परत खिडकीवर जायचं, अधिकारी शिक्का चिकटवतो. प्लेटच्या शेवटी ई अक्षर. आपल्याकडे हिरव्या पाटीवरून गाडी ओळखू येते, इथे या एका अक्षरावरून. तेव्हाच्या नियमाप्रमाणे २०३० च्या अखेरपर्यंत मोटार कर माफ. मुलीने त्या ई वर बोट फिरवलं, धातूचा उठाव अजून नवा होता.

पण तळघरातलं काम अजून अपुरं होतं. वीजवितरण कंपनीला कळवायचे फॉर्म वायरमनने भरायचे असतात, मीटरच्या पेटीचा एक भाग मिळत नव्हता, असं करत फेब्रुवारी उजाडला. म्हणजे जवळजवळ सहा आठवडे आम्ही इलेक्ट्रिक गाडी घरच्या प्लगशिवाय चालवली. त्या सहा आठवड्यांनी मला जे शिकवलं ते कुठल्याही माहितीपत्रकात नव्हतं.

जानेवारीत उणे सहा तापमान होतं. थंडीत बॅटरी आखडते, केबिन गरम करायला वेगळी वीज जाते, त्यामुळे कागदावरच्या चारशे किलोमीटरचे तीनशेही मिळत नाहीत. आठवड्यातून दोनदा चार्जिंग शोधायचं. सुपरमार्केटच्या आवारातल्या दोन जागा संध्याकाळी पाचनंतर रिकाम्या मिळायच्या नाहीत. महामार्गालगतचा जलद चार्जर अर्ध्या तासात गाडी भरतो, पण करार न करता नुसतं कार्ड लावलं तर तेव्हा युनिटला ७९ सेंट पडायचे. मी वहीत लिहून ठेवलं आहे : शंभर किलोमीटरला १७ युनिट धरले तरी १३ युरो ४३ सेंट. आमची जुनी पेट्रोल गाडी शंभराला साडेसहा लिटर खायची, लिटर १ युरो ७५ सेंटला. म्हणजे ११ युरो ३८ सेंट. धूर न सोडणारी गाडी चालवायला जास्त पैसे पडत होते. आणि वेळ वेगळाच. एका संध्याकाळी मुलगी मागच्या सीटवर पांघरूण घेऊन गृहपाठ करत होती, मी पुढे बसून आकडा वर चढताना बघत होते, ६१, ६२, ६३. शेजारच्या जागेवर एक टॅक्सीवाला होता. त्याने काच खाली करून विचारलं, "घरी लावायला जागा नाही?" मी म्हटलं, "पुढच्या महिन्यात होईल." तो म्हणाला, "मग तुमचं बरं आहे. मी चौथ्या मजल्यावर राहतो, गाडी रस्त्यावर."

जर्मनीत निम्म्याहून जास्त लोक भाड्याने राहतात. दहा अब्ज युरो वाटताना त्यातले किती प्लगपर्यंत पोचले? घरच्या चार्जरसाठी वेगळी योजना होती, नोव्हेंबर २०२० मध्ये सुरू झालेली, एका चार्जरला ९०० युरो. ती वर्षभरात पैसे संपून बंद झाली. तेव्हा आमचा ठराव कुठेच नव्हता. सप्टेंबर २०२३ मध्ये दुसरी आली, छतावर सोलर, बॅटरी आणि चार्जर असं तिन्ही एकत्र घेणाऱ्यांसाठी. ३०० दशलक्ष युरो एका दिवसात संपले. पण ती होती स्वतःचं घर आणि स्वतःचं छत असलेल्यांसाठी. ज्याच्याकडे अंगण आहे त्याला भिंतीवर चार्जर ठोकायला कोणाची परवानगी लागत नाही, त्याची अडचण सर्वांत कमी, आणि मदत त्याच्याकडे सर्वांत आधी पोचली. हे मला मनापासून चुकीचं वाटतं. अनुदान बंद झाल्याचं दुःख आता ओसरलं आहे. हे नाही ओसरलेलं.

फेब्रुवारीच्या शेवटी वायरमन दोन माणसं घेऊन आला. मी त्या दिवशी रजा घेतली होती. वीज येते त्या खोलीची भिंत तीस सेंटिमीटर जाड काँक्रीटची. हिऱ्याच्या दातांचं गोल पातं पाण्याखाली फिरवत त्यांनी तिला भोक पाडलं. करड्या रंगाचा राबडा खाली बादलीत पडत होता आणि काँक्रीटचा दंडगोल अख्खा बाहेर आला, ओंडक्यासारखा. केबल ओढून झाल्यावर त्या भोकात लालसर लगदा भरला, जो आगीत फुगून भोक बंद करतो, आणि बाजूला तारखेची पट्टी चिकटवली. मी वर जाऊन तळमजल्याची बेल वाजवली. आजोबा सपाता घालून खाली आले, चष्मा कपाळावरून खाली घेतला, पट्टीवरची तारीख वाचली, बोटाने लगदा दाबून बघितला. "ठीक," म्हणाले, आणि वर गेले.

चार्जर म्हणजे भिंतीवरचा एक पांढरा डबा, चपलांच्या खोक्याएवढा. अकरा किलोवॅटचा. २२ चाही मिळतो, पण त्याला वीजवितरण कंपनीची मंजुरी लागते. अकरापर्यंत नुसतं कळवलं की पुरतं. आणि रात्रभर गाडी उभीच असते, तिला घाई कसली? वायरमनने जमिनीत गळणारा प्रवाह तपासला, तिन्ही फेज तपासले आणि म्हणाला, लावा. मी प्लग लावला. आतून टक् असा आवाज आला, दिवा निळ्याचा हिरवा झाला. बस्स, एवढंच. सहा आठवडे ज्यासाठी थंडीत बसत होते ते एका आवाजात झालं.

१ जानेवारी २०२४ पासून बसवलेल्या चार्जरना एक नवा नियम आहे. विजेच्या जाळ्यावर ताण आला तर वीजवितरण कंपनीला तुमचा चार्जर ४.२ किलोवॅटपर्यंत खाली आणता येतो, पूर्ण बंद मात्र करता येत नाही. त्या बदल्यात जाळ्याच्या वापराच्या शुल्कात वर्षाला सवलत मिळते, आमचे शंभरावर थोडे युरो वाचतात. वीज आपण घेतो ती पस्तीस सेंटने. शंभर किलोमीटरला सहा युरोंच्या आत. माझ्या वहीत या सगळ्याला आता तीन रकाने आहेत : घर, रस्ता, पेट्रोल. दर महिन्याला मी ते भरते. याशिवाय वाचवलेल्या धुराचा हिस्सा तेल कंपन्यांना विकता येतो, गाडीच्या नोंदणीपत्राचा फोटो पाठवायचा एवढंच काम. २०२२ मध्ये त्याचे तीन-साडेतीनशे युरो मिळायचे असं ग्रुपवरचे जुने लोक सांगतात. आमची गाडी आली तोवर तो भाव शंभराच्या आत आला होता.

अनुदान बंद झाल्याचा परिणाम आकड्यांत स्पष्ट दिसला. २०२३ मध्ये जर्मनीत ५ लाख २४ हजार इलेक्ट्रिक गाड्या नव्याने रस्त्यावर आल्या होत्या, २०२४ मध्ये ३ लाख ८१ हजार. २०३० पर्यंत दीड कोटींचं लक्ष्य, आणि २०२५ च्या सुरुवातीला रस्त्यावर साडेसोळा लाख. लोक पैशाला चिकटलेले आहेत असं म्हणून हे सोडून देता येणार नाही. डिझेल घ्या म्हणाले, मग डिझेलला बंदी केली. इलेक्ट्रिक घ्या म्हणाले, मग एका रविवारी हात काढून घेतला. दोनदा असं झालं की माणूस तिसऱ्यांदा थांबून बघतो.

गेल्या उन्हाळ्यात आई-बाबा साताऱ्याहून आले होते तेव्हा त्यांना घेऊन हायडेलबर्गला निघालो. वाटेत वीसलोखला थांबलो, आमच्या घरापासून शंभरेक किलोमीटर. तिथे एक औषधाचं दुकान आहे. १८८८ च्या ऑगस्टमध्ये बेर्था बेंझ नावाच्या बाईने नवऱ्याला न सांगता त्याने बनवलेली गाडी काढली आणि दोन मुलांना घेऊन मानहाइमहून फोर्त्सहाइमला माहेरी निघाली. गाडीतलं इंधन संपत आलं. पेट्रोल पंप जगात कुठेच नव्हता. या दुकानात कपड्यांवरचे डाग काढायचं लिग्रोइन मिळायचं, ते तिने विकत घेतलं आणि पुढे गेली. बाबा एसटीत तीस वर्षं डेपोत होते, त्यांनी ही गोष्ट दोनदा सांगायला लावली. मग म्हणाले, "म्हणजे गाडी आधी आली, पंप नंतर." मी म्हटलं, "हो बाबा." ते म्हणाले, "आणि तेवढ्या दिवसांत जी माणसं पुढे गेली ती कोणाच्या भरवशावर गेली?"

पुण्यात दादाने मागच्या वर्षी इलेक्ट्रिक गाडी घ्यायचं ठरवलं, तर सोसायटीच्या कमिटीने चार्जरला परवानगी द्यायला चार महिने लावले. कारणंही तीच : भार झेपणार नाही, आग लागेल, सगळ्यांनी मागितलं तर काय? मी त्याला माझा हिशोबाचा कागद पाठवला, म्हटलं आकडे बदल आणि वाट. त्याने मुख्य पॅनलवर आठवडाभर मोजणी करून घेतली. परवा फोनवर सांगत होता, मंजूर झालं.

आमच्या तिसऱ्या मजल्यावर एक परिचारिका राहते. भाड्याने. रात्रपाळी करून पहाटे तीस किलोमीटरवरून येते, जुन्या पेट्रोल गाडीने. पार्किंग तिच्या करारात आहे, माझ्या जागेच्या पलीकडे दोन खांब सोडून. मुख्य केबल तिच्या जागेवरूनच जाते. कायद्याने तिला घरमालकाकडे चार्जर मागता येतो, पण खर्च तिचा, साधारण अडीच हजार युरो, आणि घर सोडलं तर तो खर्च वाया. घरमालक हांबुर्गला असतो, त्याने दोन पत्रांना उत्तर दिलं नाही. मार्चमध्ये एका रविवारी ती आमच्याकडे आली, मी चहा टाकला, आणि आम्ही दोघींनी मिळून तिसरं पत्र लिहिलं. यावेळी खर्चाची विभागणीही मांडली : चार्जर घरमालकाचा, भाड्यात महिन्याला वीस युरो वाढ, ती गेली तरी पुढच्या भाडेकरूला उपयोग. शेवटी हिशोबाचं पान जोडलं. चौदा गाड्यांचं, अठरा किलोवॅटचं.

पत्र रजिस्टर्ड पोस्टाने गेलं. नऊ दिवसांनी पोचपावती आली, त्यावर सही होती. सभेची नोटीस तीन आठवडे आधी यावी लागते, ती काल आली. विषय क्रमांक सहा : तिसरा मजला, पार्किंग जागा अकरा, चार्जर. ती आज रात्रपाळीला आहे. नोटिशीची एक प्रत मी तिच्या दाराखालून आत सरकवली आहे.